रजा आणि खाडा

मार्च महिना आला की आमच्या भागात एक परिसंवाद हमखास होतो. नाव दर वर्षी बदलतं, कधी 'करिअर की मातृत्व?', कधी 'घर आणि नोकरी : तारेवरची कसरत', साचा तोच. मंचावर एक मोठ्या हुद्द्यावरची बाई, एक मुलांसाठी नोकरी सोडलेली बाई आणि एक समुपदेशक. पहिली सांगते, मनात आणलं की सगळं जमतं, मी पहाटे साडेचारला उठते. दुसरी सांगते, मुलांचं लहानपण परत येत नाही. समुपदेशक दोघींनाही बरं वाटेल असं बोलून स्वतःसाठी रोज वीस मिनिटं काढायला सांगतात. मग तुळशीचं रोप, चहा, फोटो, आणि पुढचे आठ दिवस व्हॉट्सअॅपवर दोन्ही बाजूंची धुळवड. जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांनी आठवड्याला ९० तास कामाची भाषा केली, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असंही विचारलं, तेव्हासुद्धा आमच्या गटातली गाडी दोन दिवसांत याच रुळावर आली. बायकांनी नव्वद तास काम केलं तर मुलांचं काय? नव्वद तास काम करणाऱ्या पुरुषाच्या मुलांचं काय होतं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊकच होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आईनं पैशासाठी काम करावं की करू नये, हे तिचं तिला ठरवू द्यावं. त्यावर मंच उभारायचं कारण नाही. चव्हाट्यावर यायला हवा तो प्रश्न निराळा आहे. ती कामावर असते तेव्हा तिचं मूल कोण सांभाळतं, सांभाळणाऱ्या माणसाच्या हातावर काय पडतं, आणि या सगळ्याचा खर्च कोण सोसतं? आज तो खर्च प्रत्येक घर आपापल्या ऐपतीप्रमाणे खालच्या घरावर ढकलतं. तो नळाच्या पाण्यासारखा, रस्त्यासारखा सगळ्यांनी मिळून उचलायला हवा. प्रसूतीच्या काळातला पगार मालकाच्या मर्जीतून काढून सार्वजनिक निधीतून दिला पाहिजे आणि दिवसभराचं पाळणाघर अंगणवाडीइतकं घराजवळ आलं पाहिजे. हे होत नाही तोवर 'कसरत' या शब्दाचं कौतुक करणं म्हणजे डोंबाऱ्याच्या पोरीला टाळ्या वाजवून दोरीखाली जाळी न बांधण्यासारखं आहे.

हे शहाणपण मला पहिल्यापासून होतं, असं मुळीच नाही. माझा मुलगा झाला तेव्हा मी सरकारी नोकरीत होते. सहा महिन्यांची भरपगारी रजा मिळाली, तिला शिल्लक रजा जोडली. मग पाळणाघराच्या काकू, घरकामाच्या मावशी, अधूनमधून साताऱ्याहून येणाऱ्या सासूबाई. ऑफिसात लोक म्हणायचे, 'कसं गं सगळं सांभाळतेस!' आणि मला ते आवडायचं. मावशींना त्याच सुमारास दुसरं मूल झालं होतं. सव्वा महिना उलटायच्या आत त्या कामावर आल्या, कारण सातांपैकी दोन घरांनी तोवर दुसरी बाई लावली होती. बाळाला बघायला त्यांची थोरली, वय वर्षं दहा. ती भावाला कमरेवर घेऊन पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसायची. बाळ रडायला लागलं की जिन्यानं वर येऊन दारात नुसती उभी राहायची, हाक मारायची नाही. मावशी फडकं बादलीत टाकायच्या, हात पदराला पुसायच्या आणि जिन्यातच बसून पाजायच्या. मी त्या पोरीला कपभर दूध आणि पारले-जी द्यायचे. आपण माणुसकीनं वागतो, असं वाटायचं. शाळेचं विचारलं की म्हणायची, 'जाते की, दुपारची.' दुपारीही ती टाकीवरच असायची. महिनाअखेरीस मी कालनिर्णयवर, दुधाच्या खुणांशेजारी, मावशींच्या खाड्यांच्या फुल्या मोजायचे. बाळाच्या डोसाचा दिवस, एक फुली. थोरलीला ताप, दोन फुल्या. दोनाच्या वर खाडे झाले की पैसे कापायचे, हा आमच्या इमारतीतला न लिहिलेला नियम, आणि तो मी पाळला. माझं मूल आजारी पडलं की मी घ्यायचे ती रजा. तिचं मूल आजारी पडलं की तिचा व्हायचा खाडा. एकाच छपराखालच्या दोन आया, दोन तान्ही मुलं, एकच ताप. फक्त शब्द वेगळे, आणि त्या शब्दांमागचा पैसा वेगळा.

'नोकरदार आई' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लॅपटॉपची बॅग येते. बीड जिल्ह्यातली ऊसतोड करणारी बाई येत नाही. दिवाळीच्या आगेमागे ती नवऱ्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मुकादमाच्या वहीत तिचं वेगळं नाव नसतं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल नवऱ्याच्या हातात आधीच पडलेली असते आणि ती फेडायला दोघांची अंगमेहनत लागते. पहाटे भाकरी थापायच्या, फडात ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची, आणि बाळ बांधावर साडीच्या झोळीत. एक दिवस चुकला की इथेही खाडा, पण इथला खाडा नुसता मजुरी बुडवत नाही, वर दंड लावतो. २०१९ साली याची चर्चा झाली तेव्हा दिवसाला ५०० रुपये हा आकडा पुढे आला होता. त्याच वर्षी बीडमधल्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या गाजल्या, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं एकाला एक लागून येतात : न्हाणीघर नाही, संडास नाही, जंतुसंसर्ग होतो, डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो, आणि पाळीच्या दुखण्यापायी पडणारा खाडा परवडत नाही. 'घर आणि काम यांचा मेळ कसा घालता?' असं या बाईला विचारून बघा. मेळ घालता यावा म्हणून तिनं शरीराचा एक भाग काढून दिला आहे.

मग सोलापूरची विडी कामगार कुठल्या रकान्यात टाकायची? तंबाखू आणि तेंदूची पानं कारखान्यातून येतात, ती उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळते, शेजारी मूल रांगत असतं. ती 'घरी असलेली आई' आहे की 'काम करणारी आई'? परिसंवादाच्या मंचावर तिला कुठल्या खुर्चीत बसवाल? आपली वादाची चौकटच अशी बेतलेली आहे की घर एकीकडे आणि कचेरी दुसरीकडे असणाऱ्या मूठभर बायकाच तिच्यात मावतात. बाकीच्यांच्या वाट्याला येतो तो आठ मार्चचा सत्कार.

बाई म्हणून होणारा अन्याय, जातीमुळे होणारा अन्याय आणि गरिबीचा अन्याय हे सुटे सुटे मोजता येत नाहीत, ते एकमेकांत गुंतून तिसरंच काही बनतात, या विचाराला किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकी कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ मध्ये नाव दिलं. मराठीत आपण आंतरछेद वगैरे म्हणतो. शब्द जरा कोरडा आहे. पण ही गोष्ट आपल्याला परदेशातून कळली, असं मानायचं कारण नाही. १८५५ साली पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. त्यात ती बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल लिहिते : डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील. बाळंतपणाच्या वेणा सगळ्या बायकांना सारख्या. अंगावर पडणारा पाऊस सगळ्यांना सारखा नाही. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या मुलीला जे दिसलं ते आजच्या चर्चेतून गळून कसं जातं?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. 'तुम्ही सारखं ऊसतोड कामगार काढता म्हणजे आमचं दुःख दुःखच नाही का? हिंजवडीहून रात्री साडेआठला घरी पोचणाऱ्या बाईचा जीव मुलाच्या डोळ्यांतली झोप बघून तुटत नाही का?' तुटतो. माझाही तुटला आहे. दुःखांची शर्यत लावायची नाहीच. पण मध्यमवर्गीय नोकरदार बाई हीसुद्धा एकजिनसी वस्तू नाही. माझ्या ऑफिसातली एक सहकारी, घरातली पहिली पदवीधर. तिच्या सासूबाई आमच्या सासूबाईंसारख्या हाकेसरशी येऊ शकत नव्हत्या, कारण त्या स्वतः सकाळी सहाला भाजीची पाटी घेऊन मंडईत जायच्या. ती पाळणाघर शोधत हिंडली तेव्हा पहिल्या दोन ठिकाणी आडनाव ऐकून 'जागा भरली' असं उत्तर मिळालं. तिसरीकडे जागा मिळाली, पण डब्यात अंडं चालणार नाही अशी अट होती. डॉक्टरांनी पोराला रोज एक अंडं द्यायला सांगितलेलं. ती दुपारच्या सुट्टीत स्कूटरवरून जायची आणि फाटकाबाहेर, कट्ट्यावर बसवून त्याला उकडलेलं अंडं भरवून परत यायची. आम्हा दोघींचा पगार एक, रजेचे नियम एक. तरी तिची दोरी माझ्या दोरीपेक्षा उंच बांधलेली होती, आणि ती मी बांधली नसली तरी मला दिसायला तीन वर्षं लागली. भेद बोलून दाखवल्यानं एकजूट फुटते असं म्हणणाऱ्यांना माझा एवढाच सवाल आहे, की न बोलता झालेली एकजूट कुणाच्या बाजूनं चालते?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. काम म्हणजे मुक्ती, हे समीकरण आपण फार सहज मांडतो. ज्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबल्या त्या घरात पैसा आल्यावर बाई घरी बसते, तेव्हा ती हरलेली असते का? मला असं म्हणायचं धाडस होत नाही. फडातून सुटून दुपारी दोन घटका पंख्याखाली पडणं ही तिच्या आयुष्यातली पहिली ऐश असू शकते, आणि रांधा-वाढा-उष्टी काढाला वैतागून नोकरीकडे धावलेल्या माझ्या आजीच्या पिढीच्या ब्राह्मण बायकांचा मोक्ष तिला मोक्ष वाटावा असं बंधन नाही. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यात जाऊ लागले, त्यावर 'फुकटे' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशीही माझं जमत नाही. हजारो बायकांनी पहिल्यांदा कुणाला न विचारता काही विकत घेतलं असेल. तरीही या दोन्ही गोष्टींनी माझा मुद्दा कापला जात नाही. घरी राहणं हा पर्याय तेव्हाच पर्याय असतो, जेव्हा दुसरं दारही उघडं असतं. दीड हजारात औषधं येतील, पोराची वह्या-पुस्तकं येतील. शहरात दिवसभराचं पाळणाघर येणार नाही. आणि जिला फडातून सुटायचंय तिला आधी गावात, घराजवळ, कमी कष्टाचं काम हवं. ते करायला मूल कुठेतरी ठेवता आलं पाहिजे. घरी बसण्याच्या हक्काची वाटसुद्धा पाळणाघरावरूनच जाते.

तिसरा आक्षेप उद्योजकांचा, आणि तो ऐकून स्त्रीवादी लोक फार लवकर चिडतात. प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. छोटा उद्योजक म्हणतो, सहा महिन्यांचा पूर्ण पगार मी एकट्यानं द्यायचा आणि जागेवर बदली माणूसही ठेवायचा, मग मी लग्नाच्या वयाची मुलगी कशाला घेऊ? हे बोलणं कुजकं आहे, पण हिशेब म्हणून चूक नाही. मुलाखतीत 'लग्नाचं काही ठरतंय का?' असं गोड आवाजात का विचारतात, ते प्रत्येकीला कळतं. पूर्वीचे कारखान्यांचे नियमही असेच. कारखाना कायद्यात तीसहून जास्त बायका असतील तर पाळणाघर हवं होतं; जणू बायका तिसावर गेल्या की मगच त्यांना मुलं होतात, आणि पुरुष कामगारांना तर ती कधीच होत नाहीत! असा नियम मालकाला काय शिकवतो? एकोणतिसावर थांबायला.

पण या आक्षेपाला उत्तर मुंबई विधिमंडळात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी देऊन झालंय. १९२८ मध्ये गिरण्यांतल्या बायकांसाठी प्रसूतिलाभाचं विधेयक चर्चेला आलं तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात राष्ट्राचं हित आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, हे त्यांनी मान्य केलं. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालकाला मोकळं सोडता येणार नाही, कारण पुरुषापेक्षा स्वस्तात मिळते म्हणूनच तो बाईला कामावर ठेवतो आणि फायदा कमावतो. कायदा १९२९ मध्ये झाला. विधेयकाच्या विरोधकांनी भीती घातली होती तेही काही अंशी झालं : वीसच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती, पुढच्या चार-पाच दशकांत हे प्रमाण अगदी किरकोळ उरलं. एकट्या प्रसूतिलाभानं हे घडलं नाही. रात्रपाळीची बंदी होती, नवी यंत्रं आली, बायका ज्या खात्यांत काम करायच्या ती आटली, आणि पुरुषाच्या एका पगारावर कुटुंब चालावं हा आदर्श युनियनवाल्यांनाही गोड वाटू लागला. तरी मालकाच्या वहीत बाई 'खर्चिक' ठरली, हे खरंच. यातून धडा काय घ्यायचा? प्रसूतिलाभ देऊ नये, हा? की आंबेडकरांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण कधी अमलातच आणला नाही, हा?

तो कसा आणायचा हे कोडं नाही. १९४८ च्या कायद्यानं सुरू झालेल्या कामगार राज्य विमा योजनेत ते चालूच आहे. मालक प्रत्येक कामगारामागे पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार बाई असो की पुरुष, म्हातारा असो की तरणा. बाळंतपणाचा पगार त्या निधीतून जातो. इथे बाईला नोकरी दिल्यानं मालकाचा पैही वाढत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रसूतीविषयक करारांतही हेच तत्त्व आहे, की एकट्या मालकावर हा बोजा टाकू नये. आपल्याकडे मात्र महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि नोंदलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्यांपुरतंच ते राहिलं. वरच्यांना मालकाचे सव्वीस आठवडे. आणि सगळ्यांत खालच्या, ज्यांना मालक म्हणून दाखवायला कुणी नाहीच, त्यांना? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये कबूल केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेनं पहिल्या मुलाला ५,००० ठेवले. ऊसतोडीच्या हिशेबात पाच हजार म्हणजे दहा खाडे.

यावर हमखास उसासा येतो : 'पण काहीही म्हणा, तान्ह्या बाळाला आईच हवी.' अगदी मान्य. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. पण मग हे तत्त्व आपण पगार बघून का लावतो? अधिकारी बाई तीन महिन्यांत परतली की 'बाळाचं काय?' आणि मावशी तीन आठवड्यांत परतल्या की 'बाई कामाची आहे हो!' वीसच्या दशकात मुंबईच्या गिरणगावात बायका तान्ह्या बाळांना अफूची गोळी चाटवून पाळीला जायच्या. त्या वेळच्या पाहण्यांत बहुतेक बाळांना ती मिळत असल्याचं नोंदलं गेलं, आणि सुशिक्षितांनी त्या अडाणी आयांच्या नावानं बोटं मोडली. आज त्या गोळीच्या जागी हातात फोन दिलेला असतो, बाहेरून कडी घातलेली असते. आईला अडाणी म्हणणं तेव्हाही फुकट होतं, आजही आहे.

आणि मग आपली हिरकणी. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, तोफ झाल्यावर बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, अंधारात उतरलेला तो कडा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा यायचा, अजूनही येतो. महाराजांनी तिचा साडीचोळीनं गौरव केला आणि तिथे बुरूज बांधला, असं गोष्ट सांगते. किल्ल्याच्या धन्यानं तेच करायला हवं होतं. एक बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो. माझी तक्रार आपल्याशी आहे. इतक्या वेळा ही गोष्ट सांगूनही आपण तिच्यातून फक्त आईचं काळीज उचललं. ती पोटासाठी गडावर गेलेली, पैशासाठी काम करणारी बाई होती, तिच्या कामाची वेळ दुसऱ्यानं ठरवलेली होती, आणि ती कामावर असताना बाळाकडे बघायची सोय नव्हती, हे तिन्ही मुद्दे गोष्टीतच आहेत. आज एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' असतो. कल्पना चांगली. आमच्याकडच्या एका स्टँडवरच्या कक्षात मी गेल्या पावसाळ्यात डोकावले, तर आत मोडक्या खुर्च्या, एक जुना फ्लेक्स आणि बाहेर कुलूप. किल्ली ज्या साहेबांकडे होती ते जेवायला गेले होते. पोरीला पदराखाली घेऊन एक बाई फलाटावरच भिंतीकडे तोंड करून बसली होती.

बापांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण आकडे पुरेसे बोलके आहेत. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. तेही जे करतात ते. बापाला नीट पितृत्व रजा मिळावी, हे मला पटतं. पण फक्त 'नवऱ्यानं मदत करावी' इथे गाडी थांबली तर ती परत दोन पगारांच्या घरातच फिरत राहते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतात. तिथला बाप मूल सांभाळायला थांबला तर अर्धा कोयता थांबतो, आणि खाडा पुन्हा दोघांच्या अंगावर.

राहता राहिला पैसा. 'हे सगळं करायला सरकारकडे कुठून येणार?' खरं म्हणजे खर्च आजही होतोच आहे, पावती फाटत नाही इतकंच. तो दहा वर्षांच्या पोरी शाळा बुडवून भरतात, साठी ओलांडलेल्या आज्या गुडघ्यांनी भरतात. सरकारच्या हाताशी सांगाडा तयार आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली अंगणवाडी आज जवळपास प्रत्येक वाडी-वस्तीत आहे, पण ती काही तासच चालते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरी नुसतं आहाराचं पाकीट जातं. तिला दिवसभराचं पाळणाघर जोडायची केंद्राची योजना 'पाळणा' नावानं कागदावर आली आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात तर साधी, शहाणी तरतूद होती : कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच मुलं असली की एका बाईला त्यांच्याकडे बघायचं काम द्यायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे खडी फोडण्याइतकंच काम आहे, हे कायद्यात इतक्या सरळ भाषेत लिहिलेलं दुसरीकडे क्वचित सापडेल.

फक्त पाळणाघरं काढताना एक सापळा आहे, आणि त्यात स्त्रीवाद्यांनी पडू नये. स्वस्तातली पाळणाघरं काढायची म्हणजे पुन्हा कुणातरी बाईला स्वस्तात राबवायचं. अंगणवाडी सेविका वजनं करते, खाऊ शिजवून घेते, मोबाइलवर नोंदी करते, निवडणूक आली की त्या कामाला जुंपली जाते. आणि महिनाअखेरीस तिला मिळतो त्याला पगार म्हणायचं नाही, 'मानधन' म्हणायचं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि पन्नासहून जास्त दिवस टिकल्या. त्या दिवसांत आमच्या गटात एक संदेश फिरला : 'मुलांना उपाशी ठेवून संप करणाऱ्या या कसल्या आया?' संपातल्या बायकाही आया आहेत, त्यांची मुलंही कुठेतरी ठेवलेली आहेत, हे लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा खोडलं. पगार, मानधन, मजुरी, खाडा, रजा : आपल्या भाषेत कामाला इतके शब्द आहेत, आणि कुणाला कुठला लागू होतो हे बहुतेक वेळा आडनाव आणि पत्ता बघूनच सांगता येतं.

टाकीच्या कठड्यावर बसणारी ती पोर आता बाई झाली आहे. मधल्या वर्षांत दहावीपर्यंत पोचली, गणितात अडकली, लग्न झालं. सध्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी असते, सकाळी दहा ते रात्री आठ, बसायला स्टूल नाही. दीड वर्षाची मुलगी आहे तिला. गेल्या महिन्यात तिनं मला फोन करून विचारलं, 'ताई, तुमच्या त्या पाळणाघराच्या काकू अजून घेतात का मुलं?' काकूंचं पाळणाघर केव्हाच बंद झालंय. नवीन जे आहे त्याची फी मी चौकशी करून तिला कळवली. तिच्या पगाराचा अर्ध्याहून थोडा जास्तच भाग. वस्तीतली अंगणवाडी दुपारी सुटते. ती म्हणाली, 'बघू, करते काहीतरी.' आठ दिवसांनी मावशी आल्या त्या काम करायला नाही, सांगायला. नातीला त्या सांभाळणार आहेत, त्यामुळे दोन घरं सोडावी लागणार. त्यातलं एक माझं. हिशेब करून टाकू म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघून स्वतःच म्हणाल्या, 'या महिन्यात तीन खाडे झालेत, ते धरा.'